डिलीट नाही, म्यूट!

आपल्या पिढीला 'डिलीट'चं भारी वेड. नको ते फोटो डिलीट, एक्सचा नंबर डिलीट, बॉसचे रात्री साडेअकराला आलेले मेल... बरं, ते करता येत नाहीत! पण अशा न हटणाऱ्या गोष्टींसाठी दुसरा उपाय असतो. म्यूट. फॅमिली ग्रुप सोडता येत नाही, गप्प मात्र करता येतो. ग्रुप तिथंच राहतो आणि आपण आपल्या कामाला लागतो.

हाच फंडा एचआयव्हीला लावला तर? हा प्रश्न मला कधीच पडला नसता. तो पडला माझ्या एका मित्राला. मास कॉमला आम्ही एकाच बॅचला होतो. मी फ्रीलान्सिंगच्या नादी लागले, तो शहाणा निघाला आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत चिकटला. नाव सांगणार नाही. 'छापलंस तर वर्षभर सगळीकडे बिल तूच भरायचं,' अशी त्याची धमकी आहे आणि फ्रीलान्सरला एवढी धमकी पुरते. २०१९मध्ये त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कसा, कुठून, कोणामुळे हे मी विचारलं नाही. प्लीज, तुम्हीही विचारू नका. डायबेटिस झालेल्याला आपण 'किती जिलब्या खाल्ल्यास?' असं विचारतो का? (काही जण विचारतात म्हणा!)

आता तो रोज रात्री जेवल्यावर एक गोळी घेतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं त्या एकाच गोळीत असतात. सरकारी एआरटी सेंटरवर ती फुकट मिळते. त्याच्या रक्तातला व्हायरस आता टेस्टमध्ये सापडत नाही. जिमला जातो, ट्रेकला जातो, सर्दी-खोकल्यानं माझ्यापेक्षा कमी आडवा पडतो. एकदम फिट! फक्त त्या गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीत असतात, कारण फ्लॅटमेटला माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याचा मेसेज आला. 'हा डिलीट होत नाही हे कळलं. म्यूट होतो का बघ ना. ब्लॉक अँड लॉक म्हणून काहीतरी आहे म्हणे. सोप्या भाषेत हवंय. आईला सांगायचंय.'

चाळीस हजारांचं 'मुळापासून'

काकू सांगली जिल्ह्यात राहतात. मुलाचं सगळं त्यांना माहीत आहे आणि त्यांनी ते विलक्षण धीरानं घेतलंय. पण कुठल्याशा नात्यातल्या माणसानं त्यांच्या हातात एका वैद्यबुवांचं कार्ड ठेवलं होतं. सहा महिन्यांचा कोर्स, चाळीस हजार रुपये, रोग 'मुळापासून' जाणार. अट एकच, इंग्रजी गोळ्या ताबडतोब बंद. काकू पोस्टातली आरडी मोडायच्या विचारात होत्या.

तसं पाहिलं तर आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या नावावर 'एड्स बरा करतो' असा दावा करायला बंदी आहे. औषध नियमांतल्या 'शेड्यूल जे'मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पण पोराला जन्मभर गोळी लागणार म्हणून झोप उडालेल्या आईला शेड्यूल कोण दाखवणार?

त्याचा आणखी एक मेसेज आला. 'मी सांगून ती ऐकत नाही. आणि खरं सांगू? कंटाळा मलाही आलाय.'

हे वाचलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण कंटाळून गोळ्या सोडल्या की काय होतं, ते मला ढोबळ का होईना, माहीत होतं.

दार लावून बसलेला

आधी बेसिक. एचआयव्ही आपल्या सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि स्वतःची डीएनए-कॉपी काढून चक्क आपल्याच डीएनएमध्ये चिकटवतो. म्हणजे भाडेकरू नुसता घरात आला नाही, त्यानं सातबाऱ्यावर नाव लावलं! अशा बहुतेक पेशी व्हायरसच्या प्रती काढता काढता काही दिवसांतच मरतात. पण काही पेशी त्याआधीच विश्रांती घेतात. या 'मेमरी' पेशी असतात, जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या आणि वर्षानुवर्षं जगणाऱ्या. त्यांच्यासोबत आतला व्हायरसही झोपतो. याला म्हणतात लेटंट इन्फेक्शन, सुप्त संसर्ग.

गोळ्या व्हायरसच्या चालू कारखान्यावर धाड घालतात. इथं कारखानाच बंद, मग धाड कुणावर घालणार? १९९६मध्ये तीन औषधांचं कॉम्बिनेशन आलं तेव्हा काही वर्षांत व्हायरस संपेल अशी आशा होती. पण १९९७मध्ये तीन वेगवेगळ्या टीम्सना उपचार चालू असलेल्या लोकांमध्ये हा झोपलेला साठा सापडला. दहा लाख विश्रांत पेशींमागे जेमतेम एखादी पेशी! पण चिवट. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या टीमनं २००३मध्ये हिशोब मांडला. साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात, पूर्ण संपायला ७० वर्षांहून जास्त. थोडक्यात, जन्मभर. गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांमध्ये व्हायरस दोन ते चार आठवड्यांत परत दिसू लागतो.

मग करायचं काय? पहिली आयडिया एकदम फिल्मी होती, 'शॉक अँड किल'. झोपलेल्याला औषधानं खडबडून उठवायचं, म्हणजे तो दिसेल आणि मरेल. २०१२मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिड मार्गोलिस यांच्या टीमनं व्होरिनोस्टॅट हे कॅन्सरचं औषध मोजक्या रुग्णांवर वापरून पाहिलं. व्हायरस खरंच जागा झाला! पण या आणि अशा औषधांनी नुसतं उठवून साठा काही कमी झाला नाही. उठवणं जमलं, मारणं राहिलं.

समुद्रातला स्पंज आणि उंदीर

आता माझ्या मित्राचा म्यूट. 'ब्लॉक अँड लॉक'वाले म्हणतात, उठवता कशाला? झोपलाय ना, मग इतका गाढ झोपवा की पहारेकरी काढले तरी तो उठणार नाही. आधी आवाज अडवायचा, हे ब्लॉक. मग खोलीला कुलूप, हे लॉक.

यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट एका समुद्री स्पंजपासून सुरू होते. २००६मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कॉर्टिसियम सिम्प्लेक्स या स्पंजमधून कॉर्टिस्टॅटिन नावाची द्रव्यं वेगळी केली. स्पंज काही शेतात पिकत नाही, त्यामुळे माल मिळणार किती? २००८मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या फिल बॅरन यांच्या टीमनं त्यातलं एक द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, तेही प्रेडनिसोन या नेहमीच्या स्टिरॉइडपासून सुरुवात करून. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे डायडीहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए. या नावाला आपण 'डीसीए' म्हणू, नाहीतर जीभ अडकेल.

स्क्रिप्सच्याच फ्लोरिडातल्या कॅम्पसमध्ये सुझाना व्हालेन्ते यांच्या टीमनं २०१२मध्ये दाखवलं की हा डीसीए व्हायरसचं 'टॅट' नावाचं प्रोटीन पकडतो. टॅट म्हणजे व्हायरसचा ॲक्सिलरेटर. थोडं टॅट बनलं की ते पेशीची यंत्रणा कामाला लावतं, मग व्हायरसच्या प्रती वाढतात, त्यातून आणखी टॅट, मग आणखी प्रती. हे चक्र सुरू होण्याआधीच टॅटला धरलं की गाडी पहिल्या गिअरमध्येच बंद पडते. ती बरेच दिवस बंद राहिली की आपली पेशी डीएनएचा तेवढा भाग घट्ट गुंडाळून ठेवते. हे झालं कुलूप. २०१५मध्ये पेशींवरच्या प्रयोगात औषध काढून घेतल्यावरही व्हायरस गप्प राहिलेला दिसला.

मग २०१७मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. माणसाच्या इम्यून पेशी बसवलेले हे उंदीर. नेहमीची एचआयव्हीची औषधं थांबवल्यावर साध्या उंदरांमध्ये व्हायरस आठवडाभरात परतला. ज्यांना सोबत डीसीए दिला होता त्यांच्यात त्याला उशीर झाला, काहींमध्ये तर दोन आठवड्यांहून जास्त.

दोन आठवडे! ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलं. पण विचार करा, सगळी औषधं बंद असताना हे घडलं. कुलूप कच्चं असेल, पण दाराला कुलूप लागू शकतं हे कळलं.

निसर्गानं तर हे आधीच करून दाखवलंय. दोनशेत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना औषधांशिवाय एचआयव्ही आटोक्यात ठेवता येतो. २०२०मध्ये बोस्टनजवळच्या रॅगन इन्स्टिट्यूटमधल्या टीमनं अशा ६४ जणांच्या पेशी तपासल्या. त्यांच्यात धडधाकट व्हायरस होता, पण बराचसा डीएनएच्या ओसाड भागांत, जिथं जवळपास कुठलंच जीन चालू नसतं. आडरानात घर, ना रस्ता ना वीज! बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या झेगर डेबिझर यांची टीम तर अशा औषधांवर काम करते आहे, जी व्हायरसला चिकटतानाच असला आडवळणाचा पत्ता देतील.

सावधगिरीच्या गोष्टीही आहेत. २०१९मध्ये व्हालेन्ते यांच्याच टीमनं दाखवलं की प्रयोगशाळेत काही व्हायरस डीसीएला चकवतात. टॅट नसतानाही आपला आवाज चढवतात. शिवाय आपला भारतीय व्हायरस वेगळा आहे. अमेरिका-युरोपात जास्त करून 'बी' प्रकार, आपल्याकडे 'सी'. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये उदयकुमार रंगा यांच्या टीमनं या 'सी'च्या स्विचबोर्डाचा बराच अभ्यास केलाय. व्हायरसला जागं करणारी एका जातीची बटणं 'बी'मध्ये साधारण दोन असतात, 'सी'मध्ये तीन. भारतात चार बटणांचे व्हायरसही सापडलेत. तेव्हा फ्लोरिडाचं कुलूप आपल्या दाराला बसतं का, हे वेगळं तपासावं लागणार.

काकूंचं विरजण

एवढा सगळा होमवर्क घेऊन आम्ही एका रविवारी सांगलीकडे निघालो. काकूंनी आधी थालीपीठ वाढलं, मग म्हणाल्या, "हं, आता सांग पोरी. मराठीत सांग."

मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे पेशी काढली, त्यात डीएनएची शिडी काढली, शिडीत व्हायरस काढला. काकू चष्मा सरकवून बघत होत्या. माझं अर्धं चित्र झालं तेवढ्यात म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं. पातेलं धुतलं असं वाटतं, पण कडेला चमचाभर राहिलं तरी उद्या पुन्हा दही."

दहा पेपर वाचून मला जे चार वाक्यांत जमलं नव्हतं, ते काकूंनी एका वाक्यात केलं!

"मग हे वैद्यबुवा ते पातेलं खरवडून देणार ना?"

"काकू, जगात आजवर ज्यांचं पातेलं असं स्वच्छ झालं, ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यातला पहिला टिमोथी ब्राउन. त्याला ब्लड कॅन्सर होता म्हणून २००७मध्ये बर्लिनला दुसऱ्याचा बोनमॅरो बसवला, आणि तो दाताही असा शोधला की ज्याच्या पेशींत एचआयव्हीला सहसा शिरताच येत नाही. त्यात जिवाचा धोका असतो. कॅन्सर नसलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर ते करणार नाही. कार्डावरच्या पुड्यांनी ते होत नाही."

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "रिपोर्टात सापडत नाही म्हणता ना? मग चार महिने गोळी बंद करून बघायला काय हरकत आहे?"

माझा मित्र ताटाकडे बघत होता. प्रश्न आईचा होता, पण कान त्याचेही टवकारले होते.

मी त्यांना मिसिसिपीच्या बाळाची गोष्ट सांगितली. २०१० साली अमेरिकेत जन्मलेलं बाळ, आईकडून संसर्ग झालेला. जन्मल्यावर तीसेक तासांत औषधं सुरू झाली, दीड वर्षाचं असताना सुटली. आणि कमाल म्हणजे व्हायरस परत आलाच नाही. २०१३मध्ये जगभर बातमी झाली, बाळ बरं झालं! २७ महिने औषधाशिवाय गेले. मग जुलै २०१४मध्ये जाहीर झालं की व्हायरस परतलाय. इतके दिवस तो कुठं होता? तिथंच. गप्प.

"म्हणजे गप्प होता, पण कुलूप नव्हतं," काकू म्हणाल्या.

"एक्झॅक्टली."

"आणि ते कुलूप लावायचं औषध?"

"दुकानात नाही काकू. हे स्पंजचं औषध उंदरांपर्यंत पोचलंय."

"मग तोवर गोळी."

"तोवर गोळी."

त्या उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. त्या कार्डाचं काय झालं ते मी विचारलं नाही. आरडी मोडली नाही, एवढं नंतर कळलं.

'आहे, पण गप्प आहे'

परतताना साताऱ्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला माहितीये, मला तो जायलाच हवा असं काही नाही गं. मला विसरायचंय. एखाद्या गुरुवारी रात्री गोळीची आठवण न येता झोपायचंय. बस्स."

मला तेव्हा कळलं की संशोधक ज्याला 'फंक्शनल क्युअर' म्हणतात ते हेच. व्हायरस शरीरात राहील, पण रोजचं औषध लागणार नाही, आजार होणार नाही, दुसऱ्याला लागण होणार नाही. आपल्या डोक्यात 'बरं होणं' म्हणजे रोग मुळासकट उपटून फेकणं. भिंतीवरच्या जाहिराती तेच विकतात आणि आपल्याला तेच हवं असतं. पण माणसाच्या शरीराची रीत जरा निराळी आहे. आपल्या सगळ्यांच्या डीएनएचा साधारण ८ टक्के भाग लाखो वर्षांपूर्वी शिरलेल्या अशाच व्हायरसांच्या अवशेषांचा आहे. तुमच्या, माझ्या, त्या वैद्यबुवांच्यासुद्धा! शरीरानं ते हाकलले नाहीत. बरेचसे मोडले आणि बाकीच्यांना कुलूप लावलं. 'ब्लॉक अँड लॉक'वाले नवीन काही मागत नाहीत. जे शरीराला लाखो वर्षांत जमलं, ते एका माणसाच्या आयुष्यात जमवायचा त्यांचा प्रयत्न आहे.

आणि यातलं अर्धं काम तर आजच्या गोळीनंही केलंय. २०११मध्ये ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास जाहीर झाला. आपलं पुणेही त्यात होतं. पॉझिटिव्ह जोडीदारानं लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. आज तर डॉक्टर सरळ सांगतात, व्हायरल लोड सतत सापडत नसेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. माझा मित्र कोणालाही धोका नाही. तरी गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीतच. का? कारण 'आहे, पण गप्प आहे' हे व्हायरसबद्दल शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, आपण अजून नाही. आपल्याला रिपोर्ट एक तर निगेटिव्ह हवा, नाहीतर माणूस लांब हवा.

समजा उद्या खरंच असं कुलूप निघालं. त्याच्या रक्तात व्हायरस असेलच, डीएनएत नाव लागलेलं असेलच, रिपोर्ट कदाचित 'पॉझिटिव्ह'च येईल. तेव्हा त्याच्या फ्लॅटमेटला, एचआरला, लग्न ठरवणाऱ्या मावशीला हे 'बरं होणं' पटेल का? २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं नोकरीत आणि भाड्याच्या घरात भेदभाव करायला बंदी घातली आहे. पण चहाचा कप वेगळा ठेवणाऱ्याला कुठला कायदा पकडणार? उंदरांवरचे प्रयोग फ्लोरिडात होतील. हा प्रयोग आपल्याच ऑफिसच्या पँट्रीत करायचा आहे, आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जाता जाता कामाची माहिती. टेस्ट सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसी सेंटरवर फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवला जातो. शंका असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. कुणी गोळ्या घेत असेल आणि कंटाळला असेल, तर त्याला लेक्चर देऊ नका. सोबत जेवा आणि गोळीची वेळ झाली की पाण्याचा ग्लास पुढे करा.

दर दोन महिन्यांनी मला सांगलीहून फोन येतो. हवापाणी, माझं लग्न, पुण्यातला ट्रॅफिक असं सगळं झालं की काकू हळूच मुद्द्यावर येतात.

"काय गं, त्या उंदरांचं पुढं काय झालं?"